भडक्याचे चार दिवस

त्याच्या आईवडिलांनी नाव चांगलं विचार करून ठेवलं होतं, पण ते कागदावरच राहिलं. गल्लीत सगळे त्याला भडका म्हणायचे. गिऱ्हाइकं तोंडावर ‘मिस्त्री’ म्हणायची आणि पाठ फिरली की भडका. याची दोन कारणं होती. तरुणपणी पेट्रोलनं कार्बोरेटर धुताना त्यानं स्वतःच्या भुवया जाळून घेतल्या होत्या आणि त्या पुन्हा धड उगवल्याच नाहीत, हे एक. दुसरं कारण भुवयांपेक्षा जुनं. हा नाकावर राग घेऊनच जन्माला आला, असं त्याची बहीण सांगायची. मला ते पटत नाही. राग कुणी जन्मतः घेऊन येत नाही, तो शिकवावा लागतो.

त्याला तो व्यवस्थित शिकवला गेला. एकोणिसाव्या वर्षी तो ज्या उस्तादाच्या हाताखाली लागला, त्याच्या गॅरेजात एक फॅनबेल्ट कायम खिळ्याला टांगलेला असायचा आणि तो कुठल्याच गाडीचा नव्हता. बाराचा पाना मागितला आणि तेराचा पुढं आला, की पाठीवर बेल्ट. पाच वर्षांत भडक्याला नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगता यायला लागलं, आणि चूक झाली की समोरच्याला हाणायचं असतं हेही अंगात मुरलं. दोन्ही विद्या एकाच गुरूच्या. एक घ्यावी आणि दुसरी तिथंच टाकून यावी, एवढी अक्कल त्या वयात नसते. त्याला ती पुढंही लवकर आली नाही.

मग त्यानं घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली. स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडायची, त्यामुळं बायकोला भांडी घासता घासता सगळ्या मारामाऱ्या घरबसल्या दिसायच्या. ‘दुसरा मिस्त्री तर वेगळंच सांगतो’ असं एक गिऱ्हाईक म्हणालं, तर भडक्यानं त्याच्याच गाडीच्या काचेतून पाना आरपार घातला. सख्ख्या भावाचे दोन दात पाडले, कारण भावानं चाकाला दगड न लावता गाडी जॅकवर चढवली होती. समोरच्या टायरवाल्याशी तर वर्षातून दोनदा हातघाईवर यायचा. टायरवाल्याचा टेम्पो नेहमी याच्या फाटकात आडवा, आणि तोंड त्याहून आडवं. एवढं असूनही गिऱ्हाइकं यायची, कारण इंजिन न खोलता आतून धुवावं तर ते भडक्यानंच.

हल्ली मोबाइलवर कुणीही उठतो आणि सांगतो, अमुक बाटली ओता, गाडी पळवा, इंजिन नव्यासारखं. अशा माणसाला भडक्यापुढं पाच मिनिटं उभं करायला हवं होतं. वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या इंजिनात जो गाळ धरतो तो काळ्या मलमासारखा असतो, जाड आणि चिवट. डिझेल घालून इंजिन चालवलं की तो सुटतो, हे खरं. पण सुटून जातो कुठं? खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो आणि तेल वर ओढणाऱ्या गाळणीच्या तोंडावर जाऊन बसतो. मग वर तेल चढत नाही आणि चांगलं चालतं इंजिन कोरडं पडून जाम होतं. म्हणून भडक्याचा पहिला कायदा असा, की आधी चेंबर उतरवून गाळणी हातानं धुवायची आणि मग डिझेलच्या डब्याला हात लावायचा. धुण्याचं तेल आत असताना गाडी जागची हलवायची नाही, हाही कायदाच. आणि इंजिनाला पाणी पाजताना नळीच्या चिमट्यावरचा हात क्षणभरही काढायचा नाही. पाणी पाजण्याची हकिकत पुढं येईलच.

हे कायदे पाठ असलेलं जगात आणखी एकच माणूस होतं, ते म्हणजे त्याची मुलगी. अठरा वर्षांची असताना ती त्याच्याबरोबर शेडमध्ये काम करायची आणि तिचा हात चांगला होता. एकदा भडका सामान आणायला गेला आणि जाताना ओरडला, “मी येईपर्यंत ही गाडी धुवून झाली पाहिजे, नाहीतर बघतो.” चेंबरचा एक बोल्ट काही केल्या सुटेना. वेळ चालला होता, आणि ‘नाहीतर बघतो’चा अर्थ तिला लहानपणापासून ठाऊक होता. तिनं गाळणी न काढताच डिझेल ओतलं. इंजिन जाम झालं. भडका आला, त्यानं पाहिलं, आणि हाताला लागला तो जॅकचा दांडा फिरवला. दांडा तिच्या कोपरावर बसला. हाड तीन ठिकाणी मोडलं. पुढं सांधलं, पण हात पुरता सरळ कधी झाला नाही. मुलगी दवाखान्यातूनच आत्याकडे गेली, ती अकरा वर्षं घरी आली नाही. बायको राहिली, पण कामापुरतं बोलायची. ‘ताट वाढलंय.’ ‘पत्रा उचकटलाय.’ संपलं.

भडका मनानं चांगला होता वगैरे मी म्हणणार नाही. असं बोलणाऱ्यांचा मला संताप येतो, कारण कोपर मनानं मोडत नाही. पण एवढं खरं, की दांडा बसला तेव्हाचा आवाज त्याच्या कानातून गेला नाही. इंजिनाचे शंभर आवाज ओळखणारा तो कान, तो हाही आवाज विसरायला तयार नव्हता.

अकरा वर्षांनी एका सकाळी बायको शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

“ती येतेय. चार दिवस. तिच्या गाडीचं इंजिन धुवून द्यायचंय.”

भडक्यानं हातातला कप खाली ठेवला.

“मी बोलावलंय,” बायको म्हणाली. “ती सहज नाही तयार झाली. मी शब्द दिलाय तिला. या चार दिवसांत तुम्ही हात उचललात, तिच्यावरच नाही, कुणावरही, तर ती परत जाईल. आणि तिच्याबरोबर मीही.”

“कुणावरही म्हणजे?”

“कुणावरही म्हणजे कुणावरही. टायरवाला धरून.”

“आणि नाही उचलला तर?”

“तर येत जाईल म्हणाली. महिन्याकाठी एकदा.”

भडक्यानं मान हलवली. महिन्याकाठी एकदा, म्हणजे वर्षाला बारा वेळा. त्याचं वय बासष्ट. त्यानं पुढचा हिशेब केला नाही, पण त्याला एवढं हवंसं काही वाटून कितीतरी वर्षं झाली होती.

मुलगी आली ती एक जुनी, खोकणारी गाडी घेऊन. त्या गाडीतून ती दवाखान्यांचे तपासणीचे नमुने प्रयोगशाळेत पोचवायची. एकोणतीस वर्षांची, केस आखूड, उजवा कोपर जरासा दुमडलेला. तिनं ‘बाबा’ म्हटलं नाही, नमस्कारही केला नाही. “तेलाचं झाकण काढून बघा,” म्हणाली. झाकणाच्या आत बोटभर काळं मलम.

“आधीचा मालक कोण होता हिचा?” भडक्यानं विचारलं.

“का, त्याला मारायचंय?”

भडक्यानं झाकण परत बसवलं.

पहिल्या दिवशी चेंबर उतरवायचं होतं. भडका गाडीखाली आडवा पडला आणि अकरावा बोल्ट त्याच्या हातात तुटला. तळपायाची आग मस्तकात गेली. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला, त्यानं कोपऱ्यातला घण उचलला. मुलगी मागं सरकून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. भडका तिच्या अंगावरून पलीकडे गेला आणि तेलाच्या रिकाम्या ड्रमवर तुटून पडला. गल्लीतल्या दोन खिडक्या लागल्या. ड्रम आधी चेपला, मग फाटला, मग त्याचा तवा झाला, तरी घण चालूच. शेवटी दम लागला तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला.

“ड्रम ‘कुणावरही’त धरत नाही.”

मुलगी हसली नाही, पण भिंतीपासून सुटली. गाळणी तिनंच धुतली. जाळीचं एकूण एक भोक सुईनं मोकळं केलं आणि ती उजेडासमोर धरून त्याला दाखवली. “बरी आहे,” भडका म्हणाला. एवढं कौतुक त्यानं उभ्या जन्मात कुणाचं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पातळ तेलात थोडं डिझेल घालून इंजिन जागेवर धुतलं. पंधरा मिनिटं हळू चालवायचं, गरम गरम काढून टाकायचं, पुन्हा भरायचं. पहिल्यांदा निघालं ते डांबर. चौथ्यांदा निघालं ते कोऱ्या चहासारखं. मधल्या वेळात दोघं उलट्या बादल्यांवर बसायची. ती प्रयोगशाळेबद्दल दोन वाक्यं बोलली, त्यानं बोल्टांबद्दल चार सांगितली. संध्याकाळी प्लग काढून प्रत्येक भोकातून रॉकेल आणि पातळ तेल सोडलं, पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन रात्रभर भिजावा म्हणून.

तिसऱ्या दिवशी ते भिजवलेलं बाहेर काढायचं होतं. प्लगच्या भोकांवर फडकं धरायचं आणि मग चावी मारायची, नाहीतर आतलं सगळं पिचकारीसारखं वर येतं. भडका फडकं धरायला वाकतोय तोच तिनं चावी मारली. काळं रॉकेल सरळ त्याच्या डोळ्यांत. त्याला आंधळ्यासारखं झालं, डोळ्यांत निखारे घातल्यासारखी आग, आणि त्या आंधळेपणातही त्याच्या हाताला पाना बरोबर सापडला. मूठ वळली. गाडीचं दार उघडल्याचं त्याला ऐकू आलं आणि पुढं काहीच ऐकू आलं नाही. ती श्वास रोखून उभी होती. त्यानं पाना सोडला आणि दोन्ही हात पँटच्या खिशात खुपसले.

“पाणी,” तो म्हणाला.

तिनं तांब्या आणला. वाकड्या हातानं त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्यानं डोळ्यांवर धार सोडली. “बाबा, वर बघा,” ती म्हणाली. “बाबा, डोळे मिटू नका.” दोनदा. नंतर भडका शेडच्या मागं गेला आणि त्यानं स्वतःच्याच दंडाचा असा कडकडून चावा घेतला, की दातांच्या खुणांतून रक्त आलं. आत कोंडलेलं कुठंतरी काढणं भाग होतं. मुलीनं खुणा पाहिल्या, आणि त्या संध्याकाळी तिघं एकाच वेळी जेवायला बसली.

चौथा दिवस पाणी पाजण्याचा. इंजिन तापवायचं, वेग जरा वर ठेवायचा आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाणी सोडायचं, थेंब थेंब. आत जाऊन त्याची वाफ होते आणि वाफेनं उरलासुरला कार्बन उकलून धुराड्यातून बाहेर पडतो. पण थेंबच हवेत. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. घोटभर पाणी एकदम आत गेलं, तर वर येणारा पिस्टन भिंतीवर आपटावा तसा त्यावर आपटतो, त्याला धरणारा रॉड मोडतो आणि बिडाचं इंजिन फोडून बाहेर येतो. म्हणून भडका सलाईनची बाटली बॉनेटच्या काठीला टांगायचा आणि सलाईनचीच नळी वापरायचा, तिच्यावरच्या, चकती फिरवून धार कमीजास्त करायच्या चिमट्यासकट. चिमटा त्याच्या बोटांत. मुलगी इंजिनावर ओणवून हातानं वेग सांभाळत होती. इंजिनाचा दम कोंडला तर वेग वाढव, हे तिला त्यानंच लहानपणी शिकवलं होतं.

धुराड्यातून पांढरा धूर निघाला, मग काळे कण, मग काळे तुकडे. “बघा, बघा,” मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद होता. आपण आता बारा वेळा तिला बघणार, असं भडक्याला त्या क्षणी अगदी ठाम वाटलं.

तेवढ्यात फाटकात टेम्पो आडवा झाला. टायरवाला उतरला, धुरानं खोकला, आणि भडक्याला दोन शिव्या घालून वर ओरडला, “पोरगी आलीय वाटतं रे भडक्या! या खेपेला कुठला हात मोडतोस?”

गल्लीनं ऐकलं. मुलीनं ऐकलं. भडक्यानं चिमट्यावरचा हात नुसता काढला नाही, हिसडला, आणि त्या हिसड्यानं चिमट्याची चकती गडगडत पार उघडली. त्याला ते कळलंही नाही. बारा ढांगांत तो फाटकाशी होता. पहिला ठोसा टायरवाल्याच्या नाकावर बसला आणि नाकाचं हाड मोडल्याचं त्याच्या बोटांना कळलं. टायरवाला मागं कलंडला, तसं भडक्यानं त्याला गळपट्टीला धरून टेम्पोच्या दारावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. पत्र्यावर रक्त उडालं. टायरवाला त्याच्या पोटात गुडघे मारत होता आणि भडक्याला ते लागतही नव्हते.

इकडे मुलगी इंजिनावर ओणवलेलीच होती, पण तिची नजर फाटकावर थिजली होती. नळीतून पाण्याची सलग धार लागली होती. इंजिनाचा दम कोंडायला लागला. हाताला तेवढं कळलं आणि हातानं शिकवलेलं केलं, वेग वाढवला. इंजिन आणखी पाणी ओढायला लागलं.

भडक्याला ऐकू आलं ते तेव्हा. आधी घरघर, मग एक बोदा ठोका, मग दुसरा. त्यानं टायरवाल्याला तसाच सोडला. काय होतंय, पुढच्या तीन सेकंदांत काय होणार, आणि तिचं तोंड नेमकं कुठं आहे, हे त्याला एकदमच कळलं. तो धावत सुटला. ओरडत, हात वर करून, तिला मागं खेचण्यासाठी.

आता मुलीला काय दिसलं ते बघा. लालबुंद चेहरा, बोंबलणारं तोंड, मुठीवर रक्त, आणि अंगावर येणारा तो वर उचललेला हात. बॉनेटच्या कडेला चाकं खोलायचा लांब पाना होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि सगळ्या ताकदीनं फिरवला.

पाना त्याच्या मनगटाच्या वर बसला. हाड कटकन मोडलं. भडका थांबला नाही, त्याला थांबताच येत नव्हतं. तो तसाच तिच्यावर कोसळला, दोघं खाली आपटली आणि वर इंजिन फुटलं. रॉड बिडाला भगदाड पाडून बाहेर आला, एक तुकडा पत्र्याच्या छतातून आरपार गेला, आणि उकळतं तेल भडक्याच्या पाठीवर आणि मानेवर पडलं. तो जनावरासारखा ओरडला, पण तेल थांबेपर्यंत तिच्यावरून हलला नाही.

मग सगळं शांत झालं. मुलगी त्याच्याखालून निघाली. तिनं फुटलेलं इंजिन पाहिलं, रिकामी बाटली पाहिली, त्याचा लोंबणारा हात पाहिला. पाना अजून तिच्या हातात होता.

“मला वाटलं तुम्ही...” तिनं पाना खाली ठेवला. “बाबा, मला वाटलं...”

“वाटणारच,” भडका म्हणाला.

बायको धावत आली. तिनं त्याच्या पाठीवर बादली ओतली, पदर फाडून हात गळ्यात बांधला. मग तिची नजर त्याच्या चांगल्या मुठीवर थांबली. त्याला कुठंही जखम नव्हती. भाजलं होतं, मोडलं होतं, पण कापलं नव्हतं.

“हे रक्त कुणाचं?”

फाटकात कुणी दिसत नव्हतं. टेम्पोची ती बाजू खिडकीतून दिसायची नाही. ‘माझंच’ म्हणाला असता, तर त्या घडीला कुणी उलटतपासणी घेतली नसती. मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिनं पाहिलं होतं, आणि तीही काही बोलली नाही. सगळं त्याच्यावर सोडलं होतं.

“टायरवाल्याचं,” भडका म्हणाला. “आधी त्याला मारलं. चिमटा तेव्हाच सुटला.”

बायकोनं डोळे मिटले.

“आई, मला वाचवलं त्यांनी,” मुलगी म्हणाली.

“दिसतंय मला. आणि तुला वाचवायची वेळ कुणी आणली?” बायको त्याच्याकडे वळली. तिचं तोंड रडवेलं होतं, पण आवाज सरळ होता. “ठरलंय तसंच होईल.”

“हो,” तो म्हणाला.

दवाखान्यात त्याला टायरवाल्यानंच नेलं, दुसरं वाहन नव्हतं. नाकात कापसाचे बोळे, डोळे सुजलेले, आणि वाटेतल्या प्रत्येक वळणावर भडक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मागं घरी दोघी सामान भरत होत्या. डॉक्टरांनी हात सांधला, पाठीला मलम लावलं, टायरवाल्याचं नाक बसवलं आणि दोघांना एकाच बाकावर बसायला सांगितलं.

मग टायरवाल्यानं विचारलं, “इंजिन फुटणार हे तुला तिथून कळलं होतं?”

“आवाजावरून.”

“म्हणून पळालास?”

“म्हणून.”

टायरवाल्यानं नाकातला बोळा सारखा केला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

“मीही तुझ्यामागं धावलो होतो,” तो म्हणाला. “तुला दिसलो नाही. दोन पावलांत घेरी आली आणि टेम्पोच्या चाकाशी पडलो.”

“तू कशाला धावलास?”

“तुला धरायला. मला वाटलं, आता हा पोरीला मारतोय.”

भडका प्लास्टरमधल्या हाताकडे बघत बसला, आणि मग त्या भरल्या दवाखान्यात, टायरवाल्यासमोर, मोठ्यानं रडायला लागला.